पाणी कोणाच्या हातचं?



मी जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याची. तुम्ही आमचं गाव पाहिलं नसेल कदाचित, पण आमच्याकडची केळी नक्की खाल्ली असतील! तर या आमच्या सावद्यात मार्च महिना लागला की ऊन असं काही तापतं, की मधल्या सुट्टीनंतर वर्गात येताना पोरांच्या जिभा टाळ्याला चिकटलेल्या असतात. अशाच एका दुपारी चौथीच्या वर्गात एक गंमत झाली. गंमत तरी कशी म्हणू? मला पुढे दोन दिवस चैन पडलं नाही.

एका मुलाची पाण्याची बाटली रिकामी झाली होती. शेजारच्या मुलीने लगेच आपली बाटली पुढे केली. "घे ना, भरपूर आहे."

त्याने हात पुढे केला, आणि पटकन मागे घेतला. "नको. घरी रागावतात."

"का रे रागावतात?" मी विचारलं.

तो काही बोलेना. खाली मान घालून बाकाची फळी नखाने कुरतडत बसला. घरी का रागावतात हे त्यालाही नीट माहीत नव्हतं. पण कोणाच्या हातचं प्यायचं आणि कोणाच्या हातचं नाही, एवढं मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं!

मी त्याला रागावले नाही. रागावणार तरी कोणत्या तोंडाने? मी लहान असताना आजीच्या घरी मागच्या दाराशी कोनाड्यात एक कानतुटका कप असायचा. शेतावर कामाला येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांना त्याच कपात चहा द्यायचा. प्यायल्यावर त्यांनीच तो विसळायचा आणि परत कोनाड्यात ठेवायचा. मी स्वतः कितीदा तरी त्या कपात वरून चहा ओतला आहे. पण "आजी, यांना आपल्या कपात का नाही गं?" असं मी एकदाही विचारलं नाही.

म्हणून आज तुम्हाला अशा एका बाईंची गोष्ट सांगते, ज्यांनी हा प्रश्न स्वतःलाच विचारला. तोही सव्वाशे वर्षांपूर्वी! त्यांचं नाव लक्ष्मीबाई टिळक. आणि त्यांचे पती म्हणजे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक.

लोकमान्य टिळक नव्हेत हं! हे टिळक वेगळे. 'केवढे हे क्रौर्य' आणि 'वनवासी फूल' या कविता लिहिणारे. फुलांवर आणि मुलांवर त्यांचं इतकं प्रेम, की लोक त्यांना 'फुलामुलांचे कवी' म्हणू लागले.

सोवळ्यातलं बालपण

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं आडनाव गोखले. १८५७ च्या बंडाच्या वेळी त्यांच्या आईच्या वडिलांना इंग्रजांनी फाशी दिलं. त्या घटनेचा लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर जबरदस्त परिणाम झाला आणि त्यांना सोवळ्याओवळ्याचं वेडच लागलं. घरात येणारी वस्तू धुऊन घ्यायची, याला शिवायचं नाही, त्याला शिवायचं नाही, चुकून शिवलं तर आंघोळ! आज आपल्याला ऐकून हसू येतं, पण त्या घरातल्या लेकरांचे काय हाल होत असतील, विचार करा.

अकरा-बारा वर्षांच्या असताना त्यांचं लग्न झालं. नवरदेव अठरा-एकोणीस वर्षांचे. टिळकांचा जन्म १८६१ चा, कोकणातल्या करजगावचा. बुद्धी तल्लख, संस्कृत उत्तम, कविता तर बोलता बोलता करायचे. पण स्वभाव? एका ठिकाणी पाय म्हणून ठरायचा नाही. आज ही नोकरी, उद्या ती. कधी कोणाला न सांगता घरातून निघून जायचे. पैसा हातात आला की तो टिकायचा नाही. कोणी गरजू दिसला की दिला! घरात पीठ आहे की नाही हा विचार मग लक्ष्मीबाईंनी करायचा. मात्र एक गोष्ट त्यांनी फार चांगली केली. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आपल्या बायकोला त्यांनी लिहायला-वाचायला शिकवलं. ही गोष्ट लक्षात ठेवा बरं का, पुढे तिचं फार मोठं फळ आलं.

आगगाडीतलं पुस्तक

१८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला चालले होते. गाडीच्या डब्यात एक युरोपियन प्रवासी भेटला. बोलता बोलता ओळख झाली, कवितेवर गप्पा रंगल्या. उतरताना त्याने टिळकांना बायबल वाचायला दिलं. टिळकांनी ते वाचलं, त्यावर विचार केला, आणि १८९५ साली मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

घरी बायकोला आधी विश्वासात घेतलं होतं का? नाही! बातमी आली ती एकदम. लक्ष्मीबाईंवर आकाशच कोसळलं. त्या काळी घरातल्या एकाने धर्म बदलला की सगळ्या घराचे लोकांशी संबंध तुटायचे. लहानगा दत्तू पदराशी. नवरा जिवंत, पण घर मोडलेलं. त्या बहिणीच्या आधाराने राहिल्या, पंढरपूरला जाऊन राहिल्या, खूप रडल्या, आजारी पडल्या. इथे टिळकांचं चुकलं, असं मला वाटतं. आपल्या मनाला जे पटलं ते करायला धैर्य लागतं हे खरं, पण ज्यांच्या आयुष्यावर त्याचा परिणाम होणार त्यांना आधी सांगायलाही धैर्य लागतं.

काही वर्षांनी मात्र लक्ष्मीबाईंनी पुन्हा पतीबरोबर राहायचं ठरवलं. टिळक तेव्हा अमेरिकन मराठी मिशनच्या कामात होते. या मिशनची सुरुवात मुंबईत १८१३ साली झाली आणि १८३१ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, त्यांचं ठाणं झालं. मिशनरी म्हणजे आपल्या धर्माचा प्रसार करण्यासाठी गावोगाव जाऊन राहणारे लोक. त्यांच्या धर्मप्रसाराबद्दल लोकांची मतं तेव्हाही निरनिराळी होती आणि आजही आहेत. पण नगर भागात त्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, हेही खरं. आपल्या सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण घेतलं ते नगरला मिस फरार यांच्याकडे. म्हणजे आम्हा सगळ्या शाळेतल्या बाईंचं नातं तिथपर्यंत पोचतं, बघा!

एका घरात दोन चुली

आता खरी गंमत. लक्ष्मीबाई पतीकडे आल्या त्या काही ख्रिस्ती होऊन नव्हे. त्यांनी आपला धर्म, आपले आचार तसेच ठेवले होते. त्यांची चूल वेगळी, भांडी वेगळी, पाणी वेगळं. टिळक ज्या पंगतीत जेवतात त्या पंगतीत त्या बसणार नाहीत. आणि टिळकांनी काय केलं? जबरदस्ती केली नाही. तुला पटेल तसं तू वाग, असं म्हणून त्यांनी सगळं तिच्या मनावर सोडलं. एरवी तापट आणि उतावळा असलेला हा माणूस या एका बाबतीत शांत राहिला.

नगरनंतर हे कुटुंब राहुरीला राहायला गेलं. आज राहुरी म्हटलं की तुमच्या घरच्या मोठ्या माणसांना महात्मा फुले कृषी विद्यापीठ आठवेल. ते १९६८ सालचं. पण सव्वाशे वर्षांपूर्वीची राहुरी म्हणजे मुळा नदीच्या काठचं एक खेडंच. नळ नाहीत, वीज नाही. पाणी विहिरीवरून किंवा नदीवरून आणायचं. संध्याकाळी कंदिलाची काच पुसायची. जवळच्या वाडीवर जायचं तर पायी, लांब जायचं तर बैलगाडी. असल्या गावात सोवळं पाळणं म्हणजे काय, याची कल्पना करा. दुसऱ्याच्या हातचं पाणी चालत नाही, म्हणजे घागर आपणच उचलायची. दुसऱ्याने रांधलेलं चालत नाही, म्हणजे अंगात ताप असला तरी चुलीपुढे आपणच बसायचं. आणि भोवती सगळी मिशनची वस्ती. त्यातले बहुतेक लोक ज्या जातींतून आलेले, त्यांना गावाने पिढ्यान् पिढ्या वेशीबाहेर ठेवलेलं. त्यांची मुलं टिळकांच्या अंगाखांद्यावर खेळायची. टिळकांना त्यात काहीच वाटायचं नाही. लक्ष्मीबाई मात्र अंग चोरून बाजूला व्हायच्या.

पण रोज एकाच आवारात राहिल्यावर माणूस माणसाला किती दिवस लांब ठेवणार? हीच बाई आजारात आपली विचारपूस करते, हेच पोर आपल्याला पाहून हसतं. लक्ष्मीबाईंचं डोकं काही गप्प बसेना. आणि एका रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या मनात विचारांचं चक्र सुरू झालं. जाती कोणी केल्या? देवाने की माणसाने? देवाने केल्या असत्या, तर गाय आणि घोडा जसे दिसायला वेगळे तशी माणसंही वेगळी दिसली नसती का? जन्म सगळ्यांचा सारखा, मरण सारखं, हात-पाय-डोळे सारखे. मग हा भेद देवाचा कसा? हा तर माणसांनीच केलेला!

झालं! ज्या बाईने लहानपणापासून शिवाशिवीशिवाय दुसरं काही पाहिलं नव्हतं, तिने ठरवलं, की यापुढे कोणाच्याही हातचं खायचं आणि कोणाच्याही हातचं पाणी प्यायचं.

मला या गोष्टीत सगळ्यात काय आवडतं सांगू? त्यांना हे कोणी पाठ करून घ्यायला लावलं नाही. नवऱ्याने हुकूम सोडला नाही. त्यांनी स्वतः विचार केला आणि पटल्यावर तसं वागून दाखवलं. ख्रिस्ती धर्म त्यांनी स्वीकारला तो यानंतर. म्हणजे पाण्याचा प्रश्न त्यांनी आधी सोडवला, आणि तो माणूस म्हणून सोडवला.

छप्पनचा दुष्काळ आणि उंदरांचा आजार

तुमच्या पणजोबांच्या तोंडून पूर्वी 'छप्पनचा दुष्काळ' हा शब्द ऐकायला मिळायचा. छप्पन म्हणजे विक्रम संवत १९५६, इंग्रजी साल १८९९-१९००. पावसाने दडी मारली. खानदेशात, नगरकडे, गुजरातेत हाहाकार उडाला. जनावरं मेली, माणसं गाव सोडून निघाली, कितीतरी लेकरं पोरकी झाली. मिशनने अशा मुलांना आसरा द्यायला सुरुवात केली. टिळक पतिपत्नींच्या घरातही स्वतःच्या मुलांबरोबर दुसऱ्यांची मुलं वाढू लागली.

आता विचार करा, आधीच घरात पैसा टिकत नाही, त्यात एवढी तोंडं! मुलांचं खाणंपिणं, आजारपणं, भांडणं, अभ्यास, सगळ्याकडे बघायचं कोणी? टिळक एकीकडे उपदेशाला जायचे, एकीकडे कविता लिहायचे. घराचा गाडा लक्ष्मीबाई ओढायच्या. आणि गाडा ओढता ओढता नवऱ्याच्या विसरभोळेपणाची मनसोक्त थट्टाही करायच्या!

दुष्काळाच्या आगेमागे दुसरं संकट होतं, ते प्लेगचं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि तिथून गावोगाव पसरला. घरात उंदीर मरून पडू लागले की लोकांच्या काळजात धस्स व्हायचं. गावं ओस पडायची, लोक शेतात झोपड्या बांधून राहायचे. उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमुळे हा रोग माणसांत येतो, हे सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ साली कराचीत दाखवून दिलं. पण ते सगळ्यांना पटायला पुढे बरीच वर्षं लागली. तोवर रोग्याजवळ जायलाही माणसं धजत नसत. घरचीच माणसं दूर पळत. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करताच १८९७ साली गेल्या, हे तुम्ही पुस्तकात वाचलं असेल.

नगरला प्लेगची साथ आली तेव्हा लक्ष्मीबाईही रोग्यांच्या छावणीत राहून त्यांची सेवा करत होत्या. एकेकाळी दुसऱ्याच्या सावलीलाही जपणारी ही बाई! तिने आता कोणाचं कपाळ पुसताना त्याची जात विचारली नाही. रोगालाही जात विचारायची सवय नसतेच.

आपल्या धरणगावचा पाहुणा

आता आमच्या खानदेशाची गोष्ट. तिच्यासाठी तर मी हा लेख लिहायला घेतला!

'फुलराणी', 'श्रावणमास', 'औदुंबर' या कविता कोणाच्या? बरोबर, बालकवींच्या. बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे. जन्म १३ ऑगस्ट १८९०, आमच्याच जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावचा. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं. मोठमोठे कवी जमले. त्यात सतरा वर्षांच्या या मुलाने आपली कविता म्हटली आणि सभा थक्क झाली. अध्यक्ष होते डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. त्यांनी या मुलाला 'बालकवी' ही पदवी दिली, आणि तेच त्याचं नाव होऊन बसलं.

त्या संमेलनाला टिळकही आले होते. हिरा दिसल्यावर जवाहिऱ्याला राहवतं का? या मुलाला त्यांनी जवळ केलं, आणि पुढे ठोमरे नगरला टिळकांच्या घरी राहायला गेला.

लोक काय म्हणाले असतील? "ब्राह्मणाचा मुलगा मिशनऱ्यांच्या घरी! आता हा बाटणार!" पण तसं काही झालं नाही. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांना त्या घरात मिळालं ते काही वेगळंच. टिळकांकडून कवितेची संगत मिळाली, आणि लक्ष्मीबाईंकडून आईची माया. हळवा, हट्टी, चटकन रुसणारा हा मुलगा. त्याच्या रुसव्याफुगव्यांसकट लक्ष्मीबाईंनी त्याला आपल्या घरात सामावून घेतलं. पुढे आपल्या पुस्तकात त्यांनी 'ठोमरे'विषयी लिहिलं आहे, ते एखाद्या आईने आपल्या खोडकर मुलाबद्दल लिहावं तसं.

दोस्तांनो, तुम्ही 'फुलराणी' पाठ करता ना? मग हे ध्यानात ठेवा, की एके काळी त्या कवीच्या ताटात भाजी वाढणारा हात लक्ष्मीबाईंचा होता. आपली चूल त्यांनी वेगळीच ठेवली असती, तर खानदेशाच्या या मुलाला ते घर आपलं वाटलं असतं का?

सावद्याहून रेल्वेने जळगावकडे निघालं की भुसावळ जातं आणि मग भादली हे छोटंसं स्टेशन लागतं. गाडी तिथून जाताना मी खिडकीतून नेहमी बाहेर बघते. ५ मे १९१८ रोजी या भादलीला रेल्वेच्या अपघातात बालकवी गेले. वय अवघं सत्तावीस. (आणि बरं का, कितीही घाई असली तरी रूळ ओलांडायचे नाहीत. पुलावरूनच जायचं. बाई म्हणून हे सांगायचा माझा हक्क आहे!)

म्हातारपणी लिहिलेलं पुस्तक

टिळकांनी आपल्या लोकांसाठी भजनं लिहिली, अभंग लिहिले, कीर्तनं केली. ख्रिस्ती झालो म्हणजे साहेब झालो असं नाही, आपण मराठीच आहोत, असं त्यांचं म्हणणं. तुकाराम महाराजांवर त्यांची फार भक्ती. 'ज्ञानोदय' या नियतकालिकाचा मराठी भाग ते १९१२ पासून सांभाळत होते. १९१७ साली त्यांनी मिशनची पगाराची नोकरी सोडून दिली आणि 'देवाचा दरबार' नावाची मंडळी जमवायला घेतली. त्यात ख्रिस्ती झालेले चालत आणि न झालेलेही चालत. पण बालकवी गेले त्याच्या दुसऱ्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, टिळकही गेले.

लक्ष्मीबाईंनी पन्नाशी ओलांडली होती. बसून राहतील तर त्या लक्ष्मीबाई कसल्या! येशूच्या जीवनावरचं 'ख्रिस्तायन' हे मोठं काव्य टिळकांनी लिहायला घेतलं होतं, ते अर्धवट राहिलं होतं. लक्ष्मीबाईंनी त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. शाळेत न गेलेल्या बाईने!

पुढे मुलाला, म्हणजे देवदत्त टिळकांना, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं. त्यांनी आईला म्हटलं, तुला आठवतं ते लिहून दे. आई लिहायला बसली आणि लिहीतच गेली. त्यातून झालं 'स्मृतिचित्रे'. १९३४ ते १९३६ या काळात ते चार भागांत आलं. मराठीतल्या सगळ्यात चांगल्या आत्मचरित्रांत त्याचं नाव घेतात. त्याचं इंग्रजी भाषांतर १९५० साली झालं आणि २०१७ साली शांता गोखले यांनी पुन्हा नव्याने केलं. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई वारल्या, पण पुस्तक अजून हसतं-बोलतं आहे.

त्या पुस्तकात त्यांनी नवऱ्याचे दोष लपवले नाहीत आणि स्वतःचेही नाहीत. आपण किती सोवळं पाळायचो, त्यापायी किती वेडेपणा केला, हे त्या स्वतःच हसत हसत सांगतात. मला वाटतं, हसत सांगता येतं म्हणजेच त्यातून माणूस खरा बाहेर पडलेला असतो. आमच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी अशाच. त्याही शाळेत गेल्या नव्हत्या, पण त्यांच्या ओव्या आज सगळा महाराष्ट्र वाचतो. शाळा शिकवते ते खरंच, पण डोळे उघडे ठेवून विचार करायला शाळाच लागते असं नाही.

आमच्या वर्गातला माठ

आता पुन्हा त्या दुपारकडे येते.

दोन दिवसांनी मी वर्गाच्या कोपऱ्यात तिवईवर एक माठ आणून ठेवला. त्यावर झाकण, वर लांब दांड्याचं ओगराळं आणि बाजूला घासलेले पेले. नियम एकच. रोज दोघांनी 'पाणी-मंत्री' व्हायचं. त्यांनी हात स्वच्छ धुऊन सगळ्यांना पाणी द्यायचं. ज्याने त्याने पेला विसळून ठेवायचा. पटावर जसं नाव, तशी पाळी. कोणाला सूट नाही, अगदी बाईंनाही नाही!

स्वच्छता आणि शिवाशिव यांत गोंधळ करू नका हं. कोणाच्या उष्ट्या बाटलीला तोंड लावू नये, हे आरोग्याच्या दृष्टीने बरोबर. तो नियम सगळ्यांना सारखा असतो. पण याचं चालतं आणि तिचं चालत नाही, असं म्हटलं की तो नियम आरोग्याचा राहत नाही.

चौथ्या दिवशी त्या मुलीची पाळी आली. तिने ओगराळ्याने पेला भरला आणि त्या मुलापुढे धरला. सगळा वर्ग आपापलं बोलत होता. मी वही तपासत असल्याचं दाखवलं, पण माझे डोळे तिकडेच होते. तो दोन क्षण थांबला. मग त्याने पेला घेतला, घटाघटा प्यायला आणि म्हणाला, "अजून दे."

एवढंच. टाळ्या नाहीत की भाषण नाही. पण त्या दिवशी मला आजीच्या कोनाड्यातला कानतुटका कप आठवला आणि डोळ्यांत पाणी आलं. ते बाबा आज हयात नाहीत. मी मोठी झाल्यावर एकदा तरी त्यांना घरात बसवून, आमच्या कपात चहा द्यायला हवा होता. मला तेव्हा सुचलं नाही. तुम्हाला आज सुचू शकतं.

हे करून बघाल?

१. आजी-आजोबांना विचारा, "तुमच्या लहानपणी घरात कोणासाठी वेगळा कप, वेगळी ताटली होती का?" ते काय सांगतात ते वहीत लिहून ठेवा. त्यांना नावं ठेवू नका, नुसतं ऐका.

२. सहावीच्या पुढच्या दोस्तांनी वाचनालयातून 'स्मृतिचित्रे' मागून घ्या. रोज पाच-सहा पानं आईला किंवा आजीला मोठ्याने वाचून दाखवा. हसून हसून पुरेवाट होईल.

३. उद्या डबा खाताना, ज्याच्याबरोबर कधी बसला नाहीत, त्याच्याशेजारी बसा.

आणि पालकहो, एक शब्द तुमच्यासाठी. "त्याच्या घरचं पाणी पिऊ नकोस" हे वाक्य आपण सहज बोलून जातो. मूल का म्हणून विचारत नाही, नुसतं लक्षात ठेवतं. मी वीस वर्षं लक्षात ठेवलं होतं. तेव्हा बोलण्याआधी एकदा मनातल्या मनात लक्ष्मीबाईंचा तो प्रश्न विचारून बघा. आपल्याला त्याचं उत्तर देता आलं नाही, तर मुलांना निदान पाणी तरी सुखाने पिऊ द्या.

बरंय तर मग, दोस्तांनो! घंटा झाली. माठ भरायला जाते. आज माझी पाळी आहे.